आणखी एक गिटार : प्रस्तावना

पहिली गिटार शिकण्यासाठी घेतली जाते, दुसरी बहुधा पहिलीची उणीव भरून काढण्यासाठी. तिसरीपासून क्रम उलटतो. आधी ती घ्यावीशी वाटते आणि तिची गरज मागाहून सुचते. घरातल्या गिटारी पिशवीतच राहतात, शिकायला घेतलेली गाणी अर्ध्यावर असतात, तरी रात्री उशिरापर्यंत पुढच्या गिटारीच्या लाकडाची, पिकअपची आणि किमतीची चौकशी चालू असते. ती घरी आली की काही दिवस, फार तर काही आठवडे मन भरलेले राहते. मग ओढ परत लागते, पण आता दुसऱ्याच गिटारीची. ही ओढ या पुस्तकाचा विषय आहे. ती कशी लागते, तिच्यावर कोणाचा व्यवसाय उभा आहे, तिच्यात निर्मळ आनंद किती आणि हानी किती, याचा शोध इथे घेतला आहे. आणि हा शोध साधनांचा विचार पिढ्यान्‌पिढ्या करत आलेल्या वर्धा जिल्ह्यातून घेतला आहे.

एकाहून अधिक वाद्ये बाळगणे म्हणजे हव्यास नव्हे. काळी एकमध्ये गाणारा गवई आणि काळी पाचमध्ये गाणारी गायिका यांना एकाच दायाँवर साथ होत नाही, म्हणून तबलजी वेगवेगळ्या तोंडांचे तबले बाळगतो. बासरीची पट्टी तिच्या लांबीने आणि छिद्रांनी ठरलेली असल्यामुळे बासरीवाल्याच्या पिशवीत दहा-बारा बासऱ्या असणे साहजिक आहे. ख्यालगायकाला तंबोऱ्यांची जोडी लागते. गिटारीतही खरे भेद आहेत. नायलॉनच्या तारांची क्लासिकल, पोलादी तारांची अकूस्टिक, इलेक्ट्रिक, बारा तारांची, आणि मांडीवर आडवी ठेवून पट्टीने वाजवायची हवाईयन, या प्रत्येकीचा आवाज आणि हात वेगळा. मात्र केवळ स्वर बदलायचा असेल तर गिटारवाल्याला तबलजीसारखे नवे वाद्य लागत नाही, दांडीवर एक कॅपो चढवला की काम भागते. या पाच प्रकारांत गिटारीचे जवळजवळ सगळे संगीत सामावते. त्यापुढे घेतली जाणारी गिटार बहुतेक वेळा घरात असलेल्याच एखाद्या प्रकाराची थोडी वेगळी आवृत्ती असते. त्या 'थोड्या वेगळ्या'पाशी हा विषय सुरू होतो.

गिटार हे मुळात कारागिराने एकेक करून घडवायचे वाद्य. आजच्या क्लासिकल गिटारीचा आकार आणि आतली रचना स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस (1817–1892) यांनी पक्की केली. अमेरिकेत मार्टिन कंपनी 1833 पासून गिटारी बनवत आली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक वादकांच्या आयुष्यात एक-दोनच गिटारी येत. चित्र बदलले ते इलेक्ट्रिक गिटारीमुळे. कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर यांनी 1950 मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिची दांडी अंगाला डिंकाने चिकटवलेली नव्हती, स्क्रूने बसवलेली होती. 1952 मध्ये गिब्सनची लेस पॉल आली आणि 1954 मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर. सुटे भाग जोडून कारखान्यात गिटार तयार होऊ लागल्याने ती दुरुस्त करणे सोपे झाले, ही मोठीच सोय होती. पण त्याच पद्धतीमुळे एका गिटारीच्या अनेक आवृत्त्या काढणेही सोपे झाले. फेंडरने आपल्या गिटारींना मोटारींचे रंग दिले. गिटारीला मॉडेल आले, साल आले, रंगाचे नाव आले. वाद्य तेच राहिले तरी त्याची निवड कधी संपेनाशी झाली.

1965 च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली. त्यानंतरच्या गिटारी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत असा समज वादकांत पसरला आणि आधीच्या गिटारींना वेगळा भाव येऊ लागला. जुन्या गिटारींचा बाजार असा उभा राहिला. 1982 मध्ये फेंडरने स्वतःच्याच 1957 आणि 1962 सालच्या गिटारींच्या हुबेहूब नव्या प्रती काढल्या. पुढे मुद्दाम ओरखडे काढून आणि रंग झिजवून नव्या गिटारीला जुनेपण देण्याची रीत आली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गिटारीवरची झीज ही तिच्यावर झालेल्या वादनाची खूण असते. ती खूण वादनाशिवाय विकत मिळू लागली, तेव्हा विक्रीला असलेली वस्तू फक्त लाकूड-तारांची राहिली नाही. न वाजवलेली वर्षेही तिच्यासोबत विकली जाऊ लागली.

या ओढीला नाव दिले ते एका वादकानेच. 'स्टीली डॅन' या अमेरिकी वाद्यवृंदाचे वॉल्टर बेकर यांनी 1994 मध्ये 'गिटार प्लेअर' मासिकातल्या लेखात तिचे 'गिटार अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम' असे बारसे केले. नाव खेळकर होते, पण ते टिकले. पुढे त्यातली गिटार मागे पडून कुठल्याही वाद्यसामग्रीच्या ओढीसाठी ते वापरले जाऊ लागले. बेकर 2017 मध्ये गेले आणि 2019 मध्ये त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला, त्यात शेकडो वाद्ये होती. व्यवसायाच्या बाजूने पाहिले तर फेंडरचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी सांगितलेली माहिती बोलकी आहे. कंपनीच्या विक्रीतला सुमारे 45 टक्के वाटा पहिल्यांदाच गिटार घेणाऱ्यांचा असतो, त्यांतले सुमारे 90 टक्के लोक वर्षभरात वादन सोडून देतात, आणि उरलेले दहा टक्के आयुष्यभर पुनःपुन्हा खरेदी करत राहतात. म्हणजे या धंद्याचे दोन खांब आहेत, शिकणे सोडून देणारे आणि घेणे न थांबवणारे. या दोघांच्या मध्ये असलेला, एकच गिटार घेऊन ती वीस वर्षे वाजवणारा माणूस संगीताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, पण कारखान्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

तसे वादक आहेत. अमेरिकेचे विली नेल्सन 1969 पासून एकाच मार्टिन गिटारीवर गातात. बोटांनी आणि पिकने घासून घासून तिच्या लाकडाला मोठे भोक पडले आहे आणि तिची डागडुजी करून ती चालू ठेवली आहे. एरिक क्लॅप्टन यांची गोष्ट अधिक बोधक आहे. त्यांनी 1970 मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर घेतल्या. तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिन्हींचे उत्तम भाग एकत्र जोडून एक गिटार केली. 'ब्लॅकी' नावाची ती गिटार त्यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाजवली. 2004 च्या लिलावात तिला 9,59,500 डॉलर मिळाले आणि ती रक्कम व्यसनमुक्तीच्या केंद्राला गेली. सहा गिटारी घेणे हा हव्यास होता की नाही, याचे उत्तर त्या खरेदीत मिळत नाही. पुढे त्या गिटारींचे काय झाले, यात मिळते.

भारतात हा प्रश्न उशिरा आला. गोव्यात चर्चशी जोडलेल्या संगीतशिक्षणातून गिटार, व्हायोलिन, पियानो घरोघरी पोहोचले आणि गोव्याच्या वादकांनी ते मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणले. मुंबईत धोबीतलावावरचे फुर्टाडोज हे 1865 पासूनचे दुकान पिढ्यान्‌पिढ्या वाद्यांचे ठिकाण राहिले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आणि जबर जकात असल्याने परदेशी गिटार ही परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने आणायची वस्तू होती. बाकीच्यांची भिस्त कोलकात्याच्या गिव्हसन, हॉबनर अशा गिटारींवर. त्या काळात कमतरतेतूनही मोठी निर्मिती झाली. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन गिटारीवर राग वाजवून दाखवले आणि 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती संतूर-बासरीच्या पंक्तीला बसवली. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा चढवून वीस तारांची मोहनवीणा केली आणि 1994 मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एकाच वाद्यातून अधिक काढण्याची ही रीत भारतीय गिटारीच्या इतिहासातली सर्वांत उजळ गोष्ट आहे. 1991 नंतर आयात मोकळी झाली, पुढे मोबाइलवरची खरेदी आणि बिनव्याजी हप्ते आले. आज हिंगणघाट किंवा आर्वीच्या तरुणाला मुंबईच्या तरुणाइतक्याच गिटारी दिसतात आणि तितक्याच दिवसांत घरी येतात.

या ओढीकडे पाहण्याच्या काही स्वतंत्र परंपरा आहेत आणि त्यांचे एकमेकींशी पटतेच असे नाही. पहिली वैद्यकाची. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरेदीच्या अनावर वेडाची नोंद केली आणि स्विस तज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1924 मध्ये ते आवेगांच्या विकारांत गणले. नंतर कित्येक दशके हा विषय मागे पडला. 1980 च्या दशकात ग्राहकवर्तनाच्या अभ्यासकांनी तो पुन्हा उचलला. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या सूचीत अनावर खरेदीला स्वतंत्र विकाराचे स्थान नाही; वस्तू टाकवत नाहीत म्हणून साठत जातात, त्या साठवणीच्या विकाराला मात्र आहे. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अनावर खरेदीचा उल्लेख आवेगनियंत्रणाच्या इतर विकारांचे उदाहरण म्हणून येतो. वैद्यकाचा निकष गिटारींच्या संख्येवर नाही. कर्ज काढून घेणे, आलेले खोके घरच्यांपासून लपवणे, किंमत खोटी सांगणे, घेतल्यावर पश्चात्ताप होणे आणि तरी न थांबवता येणे, ही त्याची लक्षणे. ज्यांना ती आपल्यात दिसतात त्यांनी पुस्तकावर न थांबता डॉक्टरकडे जावे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत.

मेंदूच्या अभ्यासातून आलेला एक भेद या विषयाला फार उपयोगी आहे. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन यांनी दाखवले की हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पहिली डोपामाइनवर चालते आणि दुसरीच्या पुष्कळ पुढे पळू शकते. गोष्ट मिळाल्यावर आनंद बेताचाच होतो, पण मिळेपर्यंतची ओढ मात्र जबर असते. गिटारवाल्याला हे शिकवावे लागत नाही. ऑर्डर दिल्यापासून खोके दारात येईपर्यंतचे दिवस सगळ्यांत उत्कंठेचे असतात, हे त्याने अनुभवलेले असते.

समाजशास्त्राने हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने गाठली. कॉलिन कॅम्पबेल यांनी 1987 च्या ग्रंथात मांडले की आधुनिक ग्राहक वस्तूपेक्षा वस्तूभोवतीचे दिवास्वप्न विकत घेतो. प्रत्यक्ष वस्तू स्वप्नाला पुरी पडत नाही, म्हणून ते स्वप्न पुढच्या वस्तूला जाऊन चिकटते. गिटारीला हे जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल, कारण गिटार स्वतःच एका वेगळ्या आयुष्याचे वचन देते. ती घेतली की असे वाजवता येईल, अशा लोकांत बसता येईल, असा माणूस होता येईल. ते वचन पुरे करायला रोजचा रियाज लागतो आणि रियाज विकत मिळत नाही. रसेल बेल्क यांनी 1988 मध्ये मांडलेला विचारही इथे येऊन मिळतो. माणसाच्या वस्तू हा त्याच्या 'मी'चाच विस्तार असतो. तरुणपणी घरच्या ओढाताणीमुळे गिटार न मिळालेला माणूस पन्नाशीत एकामागून एक गिटारी घेतो, तेव्हा तो बऱ्याच अंशी तेव्हाच्या मुलाला ती घेऊन देत असतो. त्याची थट्टा करण्यासारखे त्यात काही नाही. एका खरेदीमागे दुसरी ओढत जाते, याचे निरीक्षण तर दिदेरो या फ्रेंच लेखकाने अठराव्या शतकातच केले होते. त्याच्याकडे नवा झगा आला आणि त्याच्या शेजारी खोलीतले जुने सामान विजोड दिसू लागले. ग्रँट मॅक्रॅकन यांनी 1988 मध्ये या परिणामाला दिदेरोचे नाव दिले. गिटारीमागून अ‍ॅम्प्लिफायर, त्यामागून पेडल, त्यामागून भिंतीवरच्या खुंट्या येतात त्या याच रीतीने.

यान हर्बस्ट आणि योनास मेन्त्से यांचा 2021 चा ग्रंथ हा या विषयावरचा आजवरचा सर्वांत विस्तृत अभ्यास. त्याने या ओढीला रोगाच्या चौकटीतून काढून फुरसतीच्या आणि वाद्यसाक्षरतेच्या चौकटीत ठेवले. वाद्ये बदलत राहण्यातून वादकाचा कान तयार होतो, आपल्याला कोणता आवाज हवा ते त्याला कळते. ओढीला रोग मानण्यावरचा हा आक्षेप गंभीर आहे आणि या पुस्तकात त्याला पुरेशी जागा आहे. पण त्यालाही एक मर्यादा आहे. कान तयार होतो तो वाद्य वाजवल्याने. नुसत्या मालकीने तो तयार होत नाही.

संग्राहक हा या विषयाचा शेजारी. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याचे दिनकर केळकर (1896–1990), 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी. अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे आणि वाद्ये असा सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह त्यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव फिरून उभा केला आणि 1975 मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने आज ते संग्रहालय ओळखले जाते. केळकरांचा सोस कोणत्याही गिटारवाल्याला लाजवील इतका होता. त्याला हव्यास म्हणता येत नाही, कारण नाहीशा होऊ लागलेल्या वस्तू जतन करून त्या सर्वांना पाहायला मोकळ्या करणे हा त्याचा हेतू होता आणि तो पूर्ण झाला. कारखान्यातून रोज निघणाऱ्या गिटारीची पाचवी प्रत घरात आणण्याने असे काहीही वाचत नाही. जतनाचे कारण गिटारवाल्याने क्वचितच द्यावे.

हाताळणाऱ्याच्या नावामुळे साध्या साधनाला अवाढव्य किंमत येणे, ही जुन्या गिटारींच्या लिलावाची खूण. 2020 मध्ये कर्ट कोबेन यांची एक अकूस्टिक मार्टिन 60 लाख डॉलरना गेली. ज्यांनी अपरिग्रहाचे व्रत घेतले होते त्यांच्या वस्तूही याच बाजारात पोहोचल्या. 2009 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, वाडगा आणि ताटली 18 लाख डॉलरना विकली गेली. 2013 मध्ये त्यांचा एक येरवडा चरखा इंग्लंडमधल्या लिलावात 1,10,000 पौंडांना गेला.

त्या चरख्यापाशी विषय वर्ध्याला येतो. वर्धा गिटारीच्या व्यापाराचे केंद्र नाही. माणसाजवळ साधन किती असावे, कसे असावे आणि ते कोणी दुरुस्त करावे, याचा विचार मात्र विसाव्या शतकात या जिल्ह्याइतका नेटाने फार थोड्या ठिकाणी झाला. विनोबा भावे 1921 मध्ये इथे आले. 1934 च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला आले. 1938 मध्ये मगन संग्रहालय उघडले आणि चरखे, घाण्या, हातकागदाची साधने तिथे मांडली गेली.

1929 मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावे, बाईला आठ तास फार न थकता त्यावर काम करता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, वेळच्या वेळी देखभाल केल्यास ते निदान वीस वर्षे चालावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. बक्षीस गांधीजींच्या हयातीत कोणालाही मिळाले नाही. या अटींत वीस वर्षांचा आणि दुरुस्तीचा हिशोब पहिल्यापासून धरलेला आहे. गिटारीच्या जाहिरातीत आवाज, रंग, लाकूड सगळे असते, पण ती वीस वर्षांनी कोण दुरुस्त करील हे नसते.

जे. सी. कुमारप्पा (1892–1960) यांनी मगनवाडीतल्या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले. कारावासात लिहिलेला त्यांचा स्थायी अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ 1945 मध्ये आला आणि गांधीजींनी त्याला प्रस्तावना लिहिली. कुमारप्पांच्या मते वस्तू विकत घेणारा माणूस ती ज्या रीतीने बनली त्या रीतीतही भागीदार होतो, आणि बनवणारा व वापरणारा जितके जवळ तितकी ही जबाबदारी डोळ्यांसमोर राहते. गिटारीच्या बाबतीत ही जबाबदारी लाकडापर्यंत जाते. ब्राझीलचा रोझवुड तोडून तोडून दुर्मिळ झाल्याने 1992 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. त्याच्या जागी वापरला गेला तो भारतातला शिसव. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाच्या वंशातल्या सगळ्याच झाडांच्या व्यापारावर नियंत्रण आले आणि 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. शिसवाचा वृक्ष गिटारीच्या पाठीला लागेल इतका रुंद व्हायला अनेक दशके लागतात.

1978 च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. गांधीजींच्या 'बापूकुटी'त बसून सुचलेला विचार त्यांनी तिथल्या परिषदेत मांडला: सामानसुमानासाठी बांधलेले घर आणि माणसासाठी बांधलेली कुटी यांत फरक असतो, आणि सामान जितके वाढते तितका माणूस त्याच्यावर विसंबत जातो. साधन एका मर्यादेपलीकडे वाढले की ते माणसाचे सामर्थ्य वाढवायच्या ऐवजी कमी करू लागते, हा त्यांचा सिद्धान्त त्याआधी 1973 च्या पुस्तकात आला होता. गिटारींच्या संख्येला तो जसाच्या तसा लागू पडतो. आठ गिटारींना वेगवेगळ्या तारा, आर्द्रता, देखभाल लागते. संध्याकाळी मिळणारा तास कोणती वाजवावी हे ठरवण्यात आणि जुळवण्यात जातो.

अपरिग्रहाचे व्रत आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक होते. ते गिटारवाल्यावर जसेच्या तसे लादणे अन्यायाचे होईल. त्याने आश्रमात प्रवेश मागितलेला नाही, आणि सुंदर वाद्याकडे ओढ वाटणे हा दोष नव्हे. जैन परंपरेतले परिग्रह-परिमाण हे गृहस्थांचे व्रत त्याला अधिक जवळचे आहे. त्यात त्याग नाही. किती ठेवायचे ते स्वतःच आधी ठरवून त्यापुढे न जाणे आहे. वस्तूवर प्रेम करण्यालाही या विचारात जागा आहे. काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने दिलेला पेन्सिलीचा तुकडा हरवला, तेव्हा गांधीजी तो सापडेपर्यंत शोधत राहिले आणि काकासाहेबांनी देऊ केलेली दुसरी पेन्सिल त्यांनी घेतली नाही. एखाद्या वस्तूवरचा खरा जीव तिच्या जागी दुसरी आणू देत नाही. संगीतातले उदाहरणही जवळचेच आहे. 1936 मध्ये सेवाग्रामला काही काळ राहून गेलेल्या तुकडोजी महाराजांनी (1909–1968) एका खंजिरीवर हजारोंचे समुदाय गाते केले. विदर्भातल्या खेड्यांत आजही भजनाला खंजिरी लागते.

मिरज या चर्चेत निराळ्या कारणाने येते. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे तंबोरे आणि सतारी घडतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे त्यांना लागतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा आवाज बसला की गवई नवा तंबोरा शोधत नाही. तो कारागिराकडे जाऊन जवारी काढून घेतो. घोडीचा पृष्ठभाग घासून तार आणि घोडी यांचा स्पर्श पुन्हा नेमका केला की तेच वाद्य परत बोलू लागते. कारागीर आणि वादक यांची भेट विक्रीनंतरही चालू राहते, म्हणून तंबोरा तीन पिढ्या टिकतो. गिटारीलाही असा कारागीर लागतो. दांडीचा वाक सरळ करणे, तारांची उंची बेताची करणे, झिजलेल्या फ्रेट बदलणे ही कामे केली तर कंटाळवाणी वाटणारी गिटार पुष्कळदा हवीशी होते. दुर्दैवाने जिल्ह्याच्या ठिकाणी गिटार विकणारा सहज मिळतो, पण ती लावून देणारा मिळत नाही. नव्या गिटारीच्या मागणीचा मोठा हिस्सा या एका उणिवेतून येतो, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का, याचे उत्तर घराघरांत आहे. हप्त्यांमुळे किंमत दिसेनाशी झाली आहे. फोनवर एकदा पाहिलेली गिटार पुढचे कित्येक दिवस डोळ्यांसमोर फिरत राहते. जी ओढ गिटारीची तीच कॅमेऱ्याची, सायकलींची, फोनची, पैठण्यांची. गिटार हे त्यातले सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण, कारण तिथे वापर मोजता येतो. पुस्तक न वाचता कपाटात ठेवले तर कोणाच्या लक्षात येत नाही. गिटार मात्र वाजते किंवा वाजत नाही.

पुस्तकाने स्वतःपुढे ठेवलेले काम मर्यादित आहे. गिटारी घेऊ नयेत असा उपदेश त्यात नाही, आणि कोणती घ्यावी याचा सल्लाही नाही. मानसशास्त्र, बाजाराचा इतिहास, वाद्यकारागिरी आणि वर्ध्याची विचारपरंपरा आजवर एकमेकींपासून दूर राहिल्या. त्यांना एका टेबलाशी बसवण्याचा हा प्रयत्न आहे. गरज, हौस, संग्रह आणि विकार यांच्या सीमा कुठे लागतात, हे प्रत्येक वेळी प्रत्यक्ष वाद्याच्या आधाराने दाखवले आहे. वाचकाला मुख्य आग्रह एकच आहे: नवी गिटार घेण्याआधी असलेली एकदा जाणकाराकडून लावून घ्यावी आणि महिनाभर रोज वाजवावी. त्यानंतरही नवी हवी असेल तर ती आनंदाने घ्यावी.

ज्यांच्या घरात न वाजणारी गिटार आहे, त्यांनी ती शिकू इच्छिणाऱ्या मुलाला किंवा जवळच्या शाळेला द्यावी. देण्याआधी तिला नव्या तारा चढवाव्यात आणि तारांची उंची कमी करून घ्यावी. उंच, गंजक्या तारांवर नवशिक्याची बोटे सोलवटतात आणि मूल पहिल्याच आठवड्यात वाद्य सोडते.